स्वातंत्र्य मिळालं, उधारी राहिली: अमेरिकेच्या पहिल्या चाळीस वर्षांतली भांडणं

अमेरिकेचा इतिहास शाळेत आपल्या वाट्याला जेवढा येतो त्यात १७७६ चा जाहीरनामा असतो, जॉर्ज वॉशिंग्टन असतो, यॉर्कटाऊनला शरण आलेला कॉर्नवॉलिस असतो (हाच कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला आणि पुढे मराठे नि निजाम यांना सोबत घेऊन टिपूवर चालून गेला) आणि मग गाडी एकदम लिंकनवर जाऊन थांबते. मधली वर्षं गायब. मला तर खरी गोष्ट त्या गायब वर्षांतच दिसते, कारण लढाई जिंकल्यावर देश चालवायचा कसा हे त्या लोकांना कुणी शिकवलेलं नव्हतं, ते त्यांनी एकमेकांशी भयंकर भांडत भांडत ठरवलं. आणि हे भांडण नीट समजून घ्यायचं तर सुरुवात कर्जापासून करायला हवी.

युद्ध उधारीवर लढलं गेलं होतं. फ्रान्सकडून कर्ज, डच सावकारांकडून कर्ज, घरच्या लोकांकडून कर्ज, आणि सैनिकांना पगार द्यायला पैसे नव्हते म्हणून त्यांच्या हातात सर्टिफिकेटं दिली, म्हणजे "सरकार तुमचं इतकं देणं लागतं" असा कागद. आता तो कागद घेऊन सैनिक घरी गेला, शेतावर कर्ज झालेलं, दुकानदार उधार देईना, तर त्याने काय केलं, कागद विकून टाकला, डॉलरचे पंधरा-वीस सेंट मिळाले तरी चालतील म्हणून. घेणारे होते बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाचे पैसेवाले लोक. ही सर्टिफिकेटं लक्षात ठेवा, पुढचं सगळं राजकारण त्यांच्याभोवती फिरणार आहे.

तेव्हाचं केंद्र सरकार नावालाच होतं. आधीचा जो करार होता तो १७८१ मध्ये लागू झालेला, त्यात काँग्रेसला (म्हणजे त्यांच्या संसदेला) कर लावायचा अधिकारच नव्हता, राज्यांकडे पैसे मागायचे, राज्यांनी दिले तर दिले. आणि हा नियम बदलायचा तर तेराच्या तेरा राज्यं हो म्हणायला हवीत, एक जरी अडून बसलं तरी संपलं. मग प्रत्येक राज्य आपापलं कर्ज आपापल्या पद्धतीने फेडू लागलं. मॅसॅच्युसेट्सने ठरवलं की कर्जरोखेवाल्यांना पूर्ण पैसे द्यायचे, त्यासाठी कर वाढवले, आणि कर नाणी देऊनच भरायचा असं. गावाकडच्या शेतकऱ्याकडे नाणी कुठून येणार? शेतं जप्त व्हायला लागली, माणसं कर्जापायी तुरुंगात जायला लागली. १७८६ मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी जमाव करून कोर्टांसमोर उभे राहिले, कोर्ट बसूच द्यायचं नाही, कोर्ट बसलं नाही तर जप्तीचा हुकूम निघणार नाही. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक डॅनियल शेज, स्वातंत्र्ययुद्धातला कॅप्टन. जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागारावर ते चालून गेले तेव्हा तोफा डागल्या गेल्या, माणसं मेली, बंड मोडलं.

दहा वर्षांपूर्वी ब्रिटिशांविरुद्ध लढलेल्या माणसावर आपल्याच सरकारची तोफ चालते, ही गोष्ट मला फार लागते. पण तिचा परिणाम काय झाला बघा. पैसेवाले, जमीनवाले, वकील मंडळी सगळी घाबरली आणि त्याच उन्हाळ्यात फिलाडेल्फियात बंद दाराआड ५५ प्रतिनिधी बसले आणि नवी राज्यघटना लिहून काढली. १७ सप्टेंबर १७८७ ला ३९ जणांनी सह्या केल्या. आता केंद्राला कर लावता येणार, सैन्य ठेवता येणार, राष्ट्राध्यक्ष असणार, सुप्रीम कोर्ट असणार.

याच बैठकीत एक सौदा झाला. प्रतिनिधिगृहातल्या (संसदेच्या खालच्या सभागृहातल्या) जागा लोकसंख्येप्रमाणे द्यायच्या, मग दक्षिणेतल्या गुलामांना मोजायचं का? गुलामांना मत नाही, हक्क नाही, पण जागा वाढाव्यात म्हणून दक्षिणेच्या राज्यांना ते मोजायला हवे होते. शेवटी तडजोड झाली ती अशी की पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची. शिवाय आफ्रिकेतून गुलाम आणायच्या धंद्यावर काँग्रेसने १८०८ पर्यंत बंदी घालायची नाही. अख्ख्या मूळ मसुद्यात 'गुलाम' हा शब्द कुठेच नाही, "इतर व्यक्ती" वगैरे लिहून भागवलंय. लिहिणाऱ्यांना काय लिहितोय ते नीट कळत होतं म्हणूनच शब्द टाळला, असं माझं स्पष्ट मत आहे.

१७८९ मध्ये वॉशिंग्टन पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. राजधानी तेव्हा न्यूयॉर्क. १७९० ची पहिली जनगणना झाली, त्यात साधारण ३९ लाख लोक भरले आणि त्यातले जवळपास ७ लाख गुलाम. मंत्रिमंडळ अगदी छोटं, पण त्यात दोन माणसं अशी होती की एकाच खोलीत बसून दोन वेगळे देश बघत होती. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन, कॅरिबियन बेटावर जन्मलेला, पोरका, स्वतःच्या बुद्धीवर वर आलेला, युद्धात वॉशिंग्टनचा खास सहायक. आणि परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन, व्हर्जिनियाचा जमीनदार, स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्याने लिहिला तो, आणि आयुष्यभरात ज्याच्या मालकीचे ६०० हून जास्त गुलाम होते तोही तोच.

हॅमिल्टनचं म्हणणं एका मराठी शब्दात सांगता येतं, पत. ज्याची बाजारात पत आहे त्याला कर्ज मिळतं, आणि ज्या देशाला कर्ज मिळतं तो देश युद्ध लढू शकतो, धंदा वाढवू शकतो, टिकू शकतो. म्हणून जानेवारी १७९० मध्ये त्याने योजना मांडली की जुनं सगळं कर्ज, परदेशी अंदाजे एक कोट सतरा लाख डॉलर आणि देशातलं चार कोटींच्या वर, हे दर्शनी किमतीने मान्य करायचं, त्याबदल्यात नवे रोखे द्यायचे आणि त्यावर वेळच्या वेळी व्याज द्यायचं. वर राज्यांची युद्धाची कर्जंसुद्धा, सुमारे अडीच कोट, केंद्राने डोक्यावर घ्यायची. मागचा हिशोब असा की ज्याचे पैसे सरकारकडे अडकलेत तो माणूस सरकार बुडावं असं कधीच म्हणणार नाही. सगळ्या श्रीमंतांचे पैसे केंद्राकडे अडकले की केंद्र पक्कं झालं.

आता ती सर्टिफिकेटं आठवा. पूर्ण किंमत मिळणार कुणाला, तर आज कागद ज्याच्या हातात आहे त्याला, म्हणजे ज्याने सैनिकाकडून पंधरा-वीस सेंटला घेतला त्याला. बातमी फुटल्यावर सट्टेवाल्यांनी दूरदूरच्या राज्यांत माणसं पाठवून उरलेसुरले कागदही गोळा केले, खेड्यातल्या लोकांना योजना कळायच्या आत. जेम्स मॅडिसन, जो राज्यघटना पास करायला हॅमिल्टनच्या खांद्याला खांदा लावून लढला होता, तो इथे फिरला. तो म्हणाला मूळ सैनिकालाही वाटा द्या. भावनेच्या बाजूने मॅडिसन बरोबर वाटतो ना? मलाही वाटतो. पण हॅमिल्टनचा मुद्दा असा की कागद विकला की हक्क विकला, सरकार मागे जाऊन व्यवहार उलटे करायला लागलं तर उद्या सरकारचा रोखा कोण घेईल. प्रतिनिधिगृहात मॅडिसनचा ठराव ३६ विरुद्ध १३ ने पडला. हॅमिल्टन हिशोबात बरोबर होता आणि सैनिक नागवला गेला, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि मला अजूनही एकीच्या बदल्यात दुसरी सोडून देता येत नाही.

राज्यांच्या कर्जावर मात्र घोडं अडलं. व्हर्जिनियाने आपलं बरंचसं फेडून टाकलं होतं, मॅसॅच्युसेट्स आणि साउथ कॅरोलायनाच्या डोक्यावर ढीग होता, मग व्हर्जिनियावाले म्हणणारच की आम्ही दुसऱ्यांचं का फेडू. जून १७९० मध्ये जेफरसनच्या घरी हॅमिल्टन आणि मॅडिसन जेवायला बसले आणि मार्ग निघाला: दक्षिणेची काही मतं कर्जाच्या बाजूला वळवायची आणि त्याबदल्यात कायमची राजधानी दक्षिणेला पोटोमॅक नदीकाठी न्यायची. या जेवणाची हकीकत जेफरसनच्याच लिखाणातून कळते आणि सगळा सौदा त्या एका टेबलावर झाला का यावर इतिहासकार वाद घालतात. पण वॉशिंग्टन शहर आज जिथे आहे तिथे असण्यात या कर्जाच्या राजकारणाचा मोठा हात आहे. पुढे जेफरसनला या जेवणाचा फार पश्चात्ताप झाला.

मग आली बँक. १७९१ मध्ये हॅमिल्टनने बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स काढायचं ठरवलं, एक कोट डॉलर भांडवल, पाचवा हिस्सा सरकारचा, बाकी खाजगी, वीस वर्षांचं लायसन्स. जेफरसन म्हणाला घटनेत बँक हा शब्द कुठे लिहिलाय दाखवा, लिहिलं नसेल तर अधिकार नाही. हॅमिल्टन म्हणाला घटनेत लिहिलंय की दिलेली कामं पार पाडायला "आवश्यक आणि योग्य" ते कायदे काँग्रेसने करावेत, कर गोळा करायचेत, कर्ज उचलायचंय, मग बँक त्यातच आली. वॉशिंग्टनने दोघांचं लेखी मत मागवलं आणि सही केली. घटना अक्षराला धरून वाचायची की हेतूला धरून, हा वाद अमेरिकेत आजही कोर्टाकोर्टात चालू आहे आणि त्याचा जन्म इथला.

नवं व्याज भरायला पैसा हवा, म्हणून आयातीवर कर आणि देशातल्या व्हिस्कीवर कर. शहरात बसून बघितलं तर व्हिस्कीवर कर म्हणजे चैनीवर कर. पण पश्चिम पेनसिल्व्हेनियात, डोंगरांपलीकडे, रस्ते धड नव्हते, पोतीच्या पोती धान्य घोड्यावर लादून पूर्वेच्या बाजारात नेणं परवडायचं नाही, त्याच धान्याची दारू केली तर एका घोड्यावर कितीतरी पट जास्त किमतीचा माल जायचा. नाणी दुर्मीळ, म्हणून लोक एकमेकांचं देणंही व्हिस्कीने चुकवायचे. म्हणजे कर त्यांच्या चलनावरच बसला, आणि भरायचा रोख. कर चुकवल्याचा खटला चालणार तीन-चारशे मैलांवर फिलाडेल्फियात. कर गोळा करणाऱ्यांना लोकांनी डांबर फासलं, जुलै १७९४ मध्ये कर अधिकारी जॉन नेव्हिलचं घर जाळलं. वॉशिंग्टनने जवळपास १३ हजारांची मिलिशिया (म्हणजे राज्यांतल्या नागरिकांची फौज) गोळा केली, स्वतः काही अंतर सोबत गेला, हॅमिल्टन शेवटपर्यंत गेला. लढायला समोर कुणी उरलंच नव्हतं. देशद्रोहाखाली दोघे दोषी ठरले, वॉशिंग्टनने दोघांनाही माफी दिली. शेजच्या वेळी केंद्राकडे सैन्यच नव्हतं आणि आठ वर्षांत ही ताकद आली, कर्जाची व्यवस्था लावल्याने काय झालं ते इथे दिसतं. आणि ज्यांच्यावर ती ताकद पहिल्यांदा वापरली ते पुन्हा गावाकडचे शेतकरीच होते.

तोवर दोन तट पडले होते. हॅमिल्टनच्या बाजूचे फेडरलिस्ट आणि जेफरसन-मॅडिसनच्या बाजूचे रिपब्लिकन (आजच्या रिपब्लिकन पक्षाशी याचा थेट संबंध नाही, तो पक्ष १८५४ चा). प्रत्येकाचा पेपर वेगळा. जेफरसनने तर फिलिप फ्रेनो नावाच्या कवीला आपल्याच खात्यात अनुवादकाची नोकरी दिली आणि त्या फ्रेनोने पेपर काढून हॅमिल्टनवर, म्हणजे त्याच सरकारच्या अर्थमंत्र्यावर, तोफ डागायला सुरुवात केली. आणि गंमत अशी की यातल्या कुणालाच आपण पक्ष काढतोय असं कबूल नव्हतं. पक्ष म्हणजे देशाला लागलेला रोग, अशीच तेव्हा सगळ्यांची समजूत. त्यामुळे विरोधक हा नुसता विरोधक वाटायचा नाही, तो देश बुडवायला निघालेला वाटायचा. फेडरलिस्टांना वाटे हे फ्रेंच क्रांतीसारखी डोकी उडवणार, रिपब्लिकनांना वाटे हे राजा आणून बसवणार. १७९३ ला ब्रिटन-फ्रान्स युद्ध पेटलं आणि या दोन भीतींना दोन देशांचे झेंडे मिळाले. १७९४ ला जॉन जे याने ब्रिटनशी तह केला तर त्याचे पुतळे गावोगाव जाळले. (त्या तहात अमेरिकन जहाजांना हिंदुस्थानातल्या ब्रिटिश बंदरांशी व्यापार करायची मुभा होती, हे सहज सांगून ठेवतो.)

१७९६ ला वॉशिंग्टनचा उपराष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स ७१ मतांनी (मतं राज्यांनी नेमलेल्या इलेक्टरांची, प्रत्येकाला दोन, आणि इलेक्टर किती ते राज्याच्या संसदेतल्या जागांवर) राष्ट्राध्यक्ष झाला आणि ६८ मतं घेऊन दुसरा आलेला जेफरसन उपराष्ट्राध्यक्ष, कारण नियमच तसा होता, पहिला आणि दुसरा. फ्रान्सशी समुद्रात चकमकी सुरू झाल्या आणि युद्धाच्या वातावरणात फेडरलिस्टांनी १७९८ मध्ये चार कायदे केले. नागरिक व्हायला ५ वर्षांऐवजी १४ वर्षं थांबायचं, कारण बाहेरून येणारे लोक रिपब्लिकनांना मत देतात. आणि सेडिशन कायदा, म्हणजे सरकार, काँग्रेस किंवा राष्ट्राध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटं, बदनामीकारक लिहिलं तर दोन वर्षांपर्यंत तुरुंग. त्या यादीत उपराष्ट्राध्यक्ष नव्हता. म्हणजे जेफरसनबद्दल काहीही लिहा, चालेल. आणि कायद्याची मुदत ३ मार्च १८०१, राष्ट्राध्यक्षाच्या टर्मचा शेवटचा दिवस, म्हणजे सत्ता गेलीच तर तो आपल्यावर उलटायला नको. भाषण आणि छापखान्याच्या स्वातंत्र्याची हमी घटनेत घालून अवघी सात वर्षं झाली होती. व्हरमॉंटचा खासदार मॅथ्यू लायन याला चार महिने तुरुंग आणि हजार डॉलर दंड झाला, आणि लोकांनी त्याला तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिलं. जेफरसन आणि मॅडिसनने गुपचूप केंटकी आणि व्हर्जिनिया या राज्यांसाठी ठराव लिहून दिले, की केंद्राने घटना मोडली तर राज्यं विरोध करू शकतात. तेव्हा ते स्वातंत्र्याच्या बाजूने होतं. तोच युक्तिवाद पुढे गुलामगिरी वाचवायला वापरला गेला.

१८०० चं इलेक्शन या सगळ्याचा कळस. ॲडम्सने फ्रान्सशी समझोता केला, देशाला युद्धातून वाचवलं, आणि त्यापायी स्वतःच्याच पक्षात एकटा पडला, खुद्द हॅमिल्टनने त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं. निकाल असा लागला की जेफरसन ७३, त्याचाच जोडीदार ॲरन बर ७३, ॲडम्स ६५. रिपब्लिकन इलेक्टरांनी दोघांनाही एकेक मत टाकलं, एकाने कमी टाकायचं होतं ते राहून गेलं आणि टाय झाला. आता निर्णय प्रतिनिधिगृहाचा, प्रत्येक राज्याला एक मत, १६ पैकी ९ हवीत. आणि हे जुनं सभागृह, फेडरलिस्टांचा जोर असलेलं. ११ फेब्रुवारीला मतदान सुरू झालं, जेफरसन ८ वर अडकला. पुन्हा मतदान, पुन्हा तेच. काहींना वाटत होतं बरला निवडू, काहींना वाटत होतं ४ मार्च, म्हणजे शपथविधीचा दिवस, असाच उलटू दे. पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियात मिलिशिया तयार ठेवायच्या गोष्टी चालू झाल्या. हॅमिल्टनने पत्रांवर पत्रं लिहिली की जेफरसनचे विचार मला पटत नाहीत पण त्याला विचार तरी आहेत, बरला काहीच नाहीत. शेवटी डेलावेअरचा एकमेव प्रतिनिधी जेम्स बेयर्ड मागे हटला, त्याच्यासोबत आणखी काही, आणि १७ फेब्रुवारीला ३६ व्या फेरीत जेफरसन जिंकला. ४ मार्चला पहाटे ॲडम्स शपथविधीला न थांबता निघून गेला. दुखावलेला होता, पण गेला. सैन्य त्याच्या हाताखाली होतं, कोर्टात त्याची माणसं होती, आणि तो घोडागाडीत बसून घरी गेला. ज्यांना आपण देशाचे शत्रू म्हणत होतो त्यांच्या हाती देश देऊन जाणं, हे त्या काळात जगात कुठे फारसं झालेलं नव्हतं आणि मला या सगळ्या कहाणीत याचंच सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं.

त्यातही ते तीन-पंचमांश विसरू नका. जेफरसन आणि ॲडम्समध्ये फरक ८ मतांचा, आणि गुलाम मोजल्यामुळे दक्षिणेला मिळालेली जास्तीची मतं त्याहून अधिक होती. चार वर्षांनी, जुलै १८०४ मध्ये, बरच्या गोळीने द्वंद्वयुद्धात हॅमिल्टन मेला.

सत्तेत आल्यावर जेफरसनने व्हिस्कीचा कर काढला, सैन्य कमी केलं, कर्ज फेडायला घेतलं. अर्थमंत्री अल्बर्ट गॅलटिन, हा त्याच पश्चिम पेनसिल्व्हेनियाचा माणूस. पण बँकेला त्यांनी हात लावला नाही, कारण ती चालत होती. आणि मग १८०३ मध्ये नेपोलियनने लुईझियाना, म्हणजे मिसिसिपी नदीपलीकडचा अवाढव्य मुलूख, विकायला काढला. हैतीतल्या (कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीतल्या) गुलामांनी बंड करून आणि पीतज्वराने मिळून फ्रेंच फौज संपवली होती, हैती हातचं गेल्यावर नेपोलियनला अमेरिकेतला मुलूख ठेवून काय करायचं होतं? दीड कोट डॉलरमध्ये सव्वाआठ लाख चौरस मैल, म्हणजे साधारण सात महाराष्ट्र बसतील इतकी जमीन, देशाचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट. आता घटनेत परका मुलूख विकत घ्यायचा अधिकार कुठे लिहिलाय? कुठेच नाही. जेफरसनने घटनादुरुस्तीचा मसुदा लिहायलाही घेतला होता, पण नेपोलियनचं मन बदलेल या भीतीने बाजूला ठेवला आणि सही केली. आणि पैसे कुठून आणले? एक कोट बारा लाखांच्या आसपास रक्कम सरकारी रोखे काढून, जे लंडनच्या बेअरिंग आणि ॲमस्टरडॅमच्या होप या पेढ्यांनी खपवले. युरोपात अमेरिकेच्या रोख्याला गिऱ्हाईक मिळालं कारण बारा-तेरा वर्षं व्याज वेळेवर गेलं होतं. हॅमिल्टनने बांधलेल्या पतीवर जेफरसनने देश दुप्पट केला.

फ्रान्सने विकलं ते काय, हेही बघायला हवं. त्या जमिनीवर ओसेज, सू आणि इतर कितीतरी लोक राहत होते, त्यांना कुणी विचारलंही नाही. त्याच वर्षी जेफरसनने इंडियाना प्रदेशाचा गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसनला पत्र लिहिलं, त्यात सरळ लिहिलंय की मूळ रहिवाशांच्या मोठ्या लोकांना सरकारी दुकानांतून उधार घेऊ द्यावं, उधारी फेडता येणार नाही इतकी झाली की ते जमीन द्यायला तयार होतील. सावकारी फास म्हणजे काय हे आपल्या मातीतल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. शेजच्या शेतकऱ्यांचं जे झालं तेच इथे एका राष्ट्राच्या धोरणात बसवलं.

पुढची वर्षं मी भरभर सांगतो. ब्रिटन अमेरिकन जहाजांवरून खलाशी पकडून न्यायचं, त्यावर जेफरसनने डिसेंबर १८०७ मध्ये सगळा परदेशी व्यापारच बंद केला आणि वर्षात निर्यात १०.८ कोट डॉलरवरून २.२ कोटवर आली, न्यू इंग्लंडची (मॅसॅच्युसेट्स वगैरे ईशान्येच्या राज्यांची) बंदरं ओस पडली. १८११ मध्ये रिपब्लिकनांनी बँकेचं लायसन्स संपू दिलं आणि पुढच्याच वर्षी, जून १८१२ मध्ये, ब्रिटनशी युद्ध पुकारलं, म्हणजे बँक बंद करून युद्ध. खजिना रिकामा झाला, ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिशांनी वॉशिंग्टन शहर जाळलं. त्या हिवाळ्यात न्यू इंग्लंडचे फेडरलिस्ट हार्टफर्डला जमले आणि राज्यांच्या हक्कांची भाषा बोलायला लागले, तीच जी सोळा वर्षांपूर्वी जेफरसनने लिहिली होती. ब्रिटिश सरकारने त्याच सुमारास वेलिंग्टनला विचारलं की अमेरिकेत सेनापती म्हणून जाशील का, हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली. त्याने कळवलं की तिथल्या सरोवरांवर आरमाराचा ताबा नसेल तर मी जाऊन उपयोग नाही आणि मुलूख मागण्यासारखी आपली स्थिती नाही. डिसेंबरात तह झाला. हार्टफर्डच्या मागण्या राजधानीत पोचल्या त्या नेमक्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईतल्या विजयाच्या आणि तहाच्या बातम्यांसोबत, आणि फेडरलिस्ट पक्ष त्यातून उठलाच नाही. १८१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅडिसनने, ज्याने १७९१ मध्ये बँकेला कडाडून विरोध केला होता त्यानेच, दुसऱ्या बँकेच्या कायद्यावर सही केली.

देश आता सुसाट वाढत होता. १८२० मध्ये लोकसंख्या ९६ लाख, ईरी कालव्याचं खोदकाम चालू, ओहायोपलीकडे रोज नवी गावं. दक्षिणेत कापूस. १७९३ च्या सुमारास एली व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र केलं आणि जो कापूस हाताने साफ करणं परवडत नव्हतं तो सोनं झाला. त्याला जमीन लागली, ती क्रीक या मूळ रहिवाशांकडून १८१४ च्या एकाच तहात २ कोटी एकरांहून जास्त घेतली गेली. आणि हात लागले. आफ्रिकेतून गुलाम आणायला १८०८ पासून बंदी होती, म्हणून व्हर्जिनिया-मेरिलँडची माणसं साखळ्या घालून अलाबामा-मिसिसिपीला विकली जाऊ लागली. १७९० ला ७ लाख असलेले गुलाम १८२० ला १५ लाखांच्या वर गेले. सरकारी जमीन हप्त्याने मिळायची, बँका नोटा छापत होत्या, भाव चढत होते, १८१९ मध्ये सगळं कोसळलं आणि हप्ते थकलेल्यांच्या जमिनी गेल्या. त्याच वर्षी मिसूरीचा राज्य व्हायचा अर्ज संसदेत चर्चेला आला आणि गुलामगिरी चालू ठेवायची की नाही यावर संसद उभी फुटली, पक्षांवर नाही तर उत्तर-दक्षिण अशी. १८२० मध्ये तडजोड झाली: मिसूरी गुलामगिरीसह, मेन गुलामगिरीशिवाय, आणि लुईझियानाच्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटांच्या रेषेच्या उत्तरेला गुलामगिरी नाही. म्हाताऱ्या जेफरसनने लिहिलं की ही बातमी रात्री वाजलेल्या आगीच्या घंटेसारखी आली आणि मी दचकून जागा झालो.

ॲडम्स आणि जेफरसन यांची १८१२ मध्ये पुन्हा मैत्री जुळली, चौदा वर्षं सुंदर पत्रं लिहिली एकमेकांना, आणि ४ जुलै १८२६ ला, जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी, दोघेही वारले. ही गोष्ट सगळे सांगतात. त्यानंतरची कमी सांगतात. जेफरसन मेला तेव्हा त्याच्यावर एक लाख डॉलरहून जास्त कर्ज होतं, त्यातलं २० हजार तर नातवाच्या सासऱ्याला जामीन राहिल्याचं, तो १८१९ मध्ये बुडाला. मृत्युपत्रात जेफरसनने पाच जणांना गुलामगिरीतून मुक्त केलं, त्यातला एक जोसेफ फॉसेट, लोहार. त्याची बायको ईडिथ, जिने राष्ट्राध्यक्षाच्या घरी फ्रेंच स्वयंपाक शिकला आणि वर्षानुवर्षं मॉंटिसेलोची (जेफरसनच्या व्हर्जिनियातल्या घराची) चूल सांभाळली, तिचं नाव त्या पाचांत नव्हतं. जानेवारी १८२७ मध्ये कर्ज फेडायला घरासमोर लिलाव लागला, जाहिरातीत १३० माणसं होती, त्यांत ईडिथ आणि तिची मुलं. मुलं वेगवेगळ्या गिऱ्हाइकांकडे गेली. लोहारकाम करून साठवलेल्या पैशांतून फॉसेटने पुढे बायकोला आणि काही मुलांना सोडवून आणलं. सगळ्यांना नाही.